तेलवाल्याचा तळहात

रत्नागिरी

चि. निनाद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर ‘जेरेमाया ओब्रायन’ बोट पाहून परतताना तू विचारले होतेस, की 1943 साली टर्बाइन होते, डिझेलही होते, मग अमेरिकेसारख्या देशाने आपल्या मालबोटींत वाफेची जुनाट इंजिने का बसवली? तेव्हा मी गुडघेदुखीचे निमित्त सांगून विषय टाळला. खरे म्हणजे त्या इंजिनरूममधून वर आल्यावर मला काही बोलावेसेच वाटत नव्हते. आता निवांतपणे लिहितो.

तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते आणि सगळी ओढाताण वेळेची होती. जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरात इतक्या मालबोटी बुडवीत होत्या, की नव्या बोटी बांधण्याचा वेग त्याला पुरा पडत नव्हता. टर्बाइनला लागणारे गिअर कापणारी यंत्रे मोजकीच होती आणि ती नौदलाच्या लढाऊ जहाजांसाठी राखून ठेवलेली होती. तीन सिलिंडरांचे ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन, म्हणजे तीच वाफ एकापाठोपाठ तीन सिलिंडरांत वापरणारे वाफेचे इंजिन, मात्र अनेक साध्या कारखान्यांना घडवता येत होते आणि नव्याने भरती झालेल्या पोरांना थोडक्या शिकवणीत चालवताही येत होते. मूळ आराखडा इंग्रजांचा; अमेरिकनांनी त्यात बदल करून रिव्हेटांच्या जागी बहुतांशी वेल्डिंग आणले, कोळशाऐवजी तेलावर चालणारे बॉयलर बसवले आणि 1941 ते 1945 या काळात 18 गोद्यांतून ‘लिबर्टी’ नावाच्या या जातीच्या 2,710 मालबोटी पाण्यात सोडल्या. आपण पाहिलेली ही बोट मेन राज्यातील साउथ पोर्टलंड येथे अवघ्या 56 दिवसांत तयार झाली. लांबी सुमारे 441 फूट, इंजिन 2,500 अश्वशक्तीचे आणि वेग 11 नॉट, म्हणजे आपल्या गावातल्या रिक्षापेक्षाही कमी.

या घाईची किंमतही मोजावी लागली. डेकवरून चालताना मी हॅचच्या, म्हणजे माल उतरवण्याच्या तोंडाच्या, कोपऱ्यांकडे वाकून पाहत होतो, त्याचे तुला हसू आले होते. सुरुवातीच्या लिबर्टी बोटींना चिरा जायच्या त्या बहुधा अशाच चौकोनी कोपऱ्यांपासून, आणि सलग वेल्डिंग केलेल्या पत्र्यात एकदा शिरलेली चीर अडवायला मध्ये सांधाच नसे. काही बोटी अक्षरशः दुभंगल्या. दोष एकट्या वेल्डिंगचा नसून ते पोलादच थंडीत ठिसूळ होते, हे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषींनी दाखवून दिले.

‘ओब्रायन’ मात्र टिकली. अटलांटिकमधील काफिल्यांबरोबर तिने फेऱ्या केल्या, 1944 साली दोस्त सैन्याने फ्रान्समधील नॉर्मंडीवर चढाई केली तेव्हा तिथल्या किनाऱ्यावर 11 खेपा टाकल्या आणि पुढे प्रशांत व हिंदी महासागरात हिंडताना ती भारतातही येऊन गेली. (तुझ्या आजोबांनी ती पाहिली असेल, असे मी म्हणणार नाही.) युद्ध संपल्यावर सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सुइसुन उपसागरात तिला 33 वर्षे नांगरून ठेवले. भंगारात काढायच्या बोटींची पाहणी ज्यांच्याकडे होती त्या थॉमस पॅटरसन यांना, हिच्यात फारसा काही बदल झालेला नाही, हे दिसले आणि त्यांनी हिची पाळी सतत मागे ढकलली. सरकारी नोकरीत दिरंगाईचा इतका चांगला उपयोग मी दुसरा ऐकलेला नाही. ऑक्टोबर 1979 मध्ये ती स्वतःच्या वाफेवर तिथून बाहेर पडली आणि 1994 साली, नॉर्मंडीच्या चढाईला 50 वर्षे झाली तेव्हा, पनामा कालव्यातून थेट तिथवर जाऊन आली. खलाशांतले बरेचजण तेव्हा सत्तरीच्या आसपासचे होते.

आता मला बोलावेसे का वाटेना, ते सांगतो. त्या दिवशी इंजिन चालू होते. खालच्या जाळीवर तो म्हातारा स्वयंसेवक गरगरणाऱ्या क्रँककडे हात नेत होता आणि बेअरिंग समोर आले की त्याला तळहात निसटता लावून लगेच मागे घेत होता, ते तू पाहिलेस. बेअरिंग कोमट लागले तर ठीक. चटका बसला, तर तेल कमी पडते आहे आणि आतल्या अस्तराचा मऊ पांढरा धातू वितळण्याच्या बेतात आहे असे समजायचे. मिनिटाला 76 फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदही पुरता मिळत नाही.

तुझे आजोबा वाफेच्या बोटींवर आधी आगवाला (बॉयलर पेटता ठेवणारा) आणि नंतर तेलवाला (इंजिनाला तेल घालणारा) होते, हे तुला ठाऊक आहे. आम्ही लहान असताना ते ओटीवरचा झोपाळा जोराने हलवायला सांगत आणि कडी जवळ आली की तिला नेमका तसाच तळहात लावून दाखवीत. हात घाईने पुढे न्यायचा नाही, तिला आपल्याकडे येऊ द्यायचे, असे ते सांगत. मी उभा जन्म डिझेल इंजिनांवर काढला, तिथे तापमान काट्यावर वाचायचे असते. त्यामुळे ते खरोखर कशाला हात लावीत होते, हे मला वयाच्या सत्तराव्या वर्षी तुझ्या गावी कळले.

पुन्हा कधी बॉयलर पेटवणार असतील तर जा आणि फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठव. वर पंख्यांचा गोंगाट फार आहे, म्हणून खालच्या जाळीवर उभा राहून घे. आत्याला ऐकवायचा आहे; झोपाळा हलवायचे काम तिच्याकडे असे.

तुझा,
बाबा