साक्ष द्यायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
ख्रिस्त येशूमध्ये सलाम.

विश्वासाबद्दल बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो, हे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सहसा कोणी कबूल करत नाही. तुम्ही वर्गाच्या पहिल्याच दिवशी ते सगळ्यांच्या वतीने बोलून दाखवलंत आणि १ करिंथकरांस २:३ उघडायला लावलंत. करिंथात प्रेषित पौलसुद्धा अशक्त, भीत भीत आणि कापत कापत गेला होता. ‘धीट व्हा’ हा उपदेश तर सगळेच करतात. तुम्ही काम केवढं आहे ते नेमकं दाखवलंत: सांगणं आपलं, मन पालटणं देवाचं. त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे मनापासून आभारी आहोत.

सगळ्यात उपयोगी पडला तो साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ती स्वतःची गोष्ट, लिहिण्याचा सराव. नमुना म्हणून तुम्ही प्रेषितांची कृत्ये २६ दिलंत. अग्रिप्पा राजापुढे पौल आधी आपलं पूर्वीचं जीवन सांगतो (४ ते ११), मग प्रभूची भेट (१२ ते १८), मग त्यानंतर काय बदललं ते (१९ ते २३). आपली साक्षही याच तीन भागांत, एका कागदावर, साधारण ३५० शब्दांत. सावकाश बोललं तर तीन मिनिटं. घोटाळा होतो पहिल्या भागात. जुन्या आयुष्याचं वर्णन रंगत जातं, वेळ संपतो आणि ख्रिस्ताच्या वाट्याला शेवटची दोन वाक्यं येतात. म्हणून पहिला भाग मिनिटाच्या आत. मग कागद मोठ्याने वाचायचा आणि मंडळीबाहेरच्या माणसाला कळणार नाही ती ओळ खोडायची. ‘प्रभूने मला अंधारातून काढलं’ या ओळीवर तुमची आडवी रेघ हमखास यायची, आणि शेजारी प्रश्न: ‘म्हणजे नेमकं काय झालं?’ मग त्या जागी लिहिलं जायचं, ‘भावाशी अबोला होता, माफी मागायला मी त्याच्या दारी गेले.’ हे ऐकलं की समोरच्याला पुढे काहीतरी विचारावंसं वाटतं.

साक्ष पाठ करू नका, हे तुम्ही बजावलंत ते फार बरं केलंत. पाठ केलेलं म्हणताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे लक्ष राहत नाही. तीन भागांचा क्रम डोक्यात असला की पुरे.

सुरुवात कुठून करायची, इथे बहुतेकांचं अडतं. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्याच आठव्या अध्यायातला फिलिप्प रथात वाचत बसलेल्या हबशी अधिकाऱ्याला आधी विचारतो, जे वाचता ते समजतं का? त्याने विनंती केल्यावरच तो वर चढून बसतो. तसंच, ‘माझ्या बाबतीत काय घडलं ते सांगू का?’ एवढं विचारायचं. नको म्हटलं तर विषय तिथेच सोडायचा आणि मैत्री होती तशी ठेवायची. दुसऱ्याच्या श्रद्धेला नावं ठेवायची नाहीत. आणि अडचणीतल्या माणसाला केलेल्या मदतीला विश्वासाची अट कधीही जोडायची नाही. हे तुम्ही जितकं कडकपणे सांगितलंत तितकं क्वचितच कोणी सांगतं.

अवघड प्रश्नांची भीती तर बहुतेकांना गप्प बसवते. योहान ९ मधल्या बरा झालेल्या आंधळ्याकडे परूश्यांच्या, म्हणजे यहुदी धर्मपुढाऱ्यांच्या, सगळ्या प्रश्नांची उत्तरं नव्हती. मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढंच तो ठामपणे सांगतो. ‘मला माहीत नाही, वाचून सांगते’ हे उत्तर चालतं, पण मग खरोखर वाचून परत जायला हवं. तिथे ढिलाई झाली की विश्वास उडतो. कोणाला आणखी जाणून घ्यायचं असेल तर मार्क उघडायचा: येशूचं जीवन सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान, १६ अध्याय. एका बैठकीत एकच अध्याय, वाचायचं त्यांनी, आणि ‘इथे येशू कसा दिसतो?’ हे विचारून आपण ऐकायचं.

एवढं सगळं नीट केलं तरी नकार येतोच. अग्रिप्पापुढची पौलाची ती नेटकी साक्ष ऐकून रोमी सुभेदार फेस्त मोठ्याने म्हणाला, पौला, तू वेडा आहेस. पौल शांतपणे उत्तर देऊन पुन्हा अग्रिप्पाकडे वळला. ही जागा तुम्ही दाखवली नसती तर पहिल्या नकारानंतरच पुष्कळांनी तोंड मिटलं असतं.

ताई, एक विनंती. इफिसकरांस ६:१९ मध्ये पौल स्वतःसाठी प्रार्थना मागतो, की तोंड उघडताना शब्द मिळावेत आणि धैर्याने बोलता यावं. तीच प्रार्थना आमच्यासाठी करत राहा.

प्रभूमध्ये तुमचे,
साक्षवर्गातले सर्वजण