आमच्या घरी येणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,
सादर नमस्कार.

बाळ सहा आठवड्यांचे झाले आणि तुमची शेवटची भेटही होऊन गेली. दारात मी नुसतेच ‘थँक यू’ म्हणालो, ते फारच अपुरे पडले याची रुखरुख लागून राहिली, म्हणून हे पत्र.

रुग्णालयातून निघताना मिळालेल्या सूचना घाईघाईने आणि फक्त माझ्या पत्नीकडे पाहून सांगितल्या गेल्या होत्या. रात्रभर जागलेल्या तिच्या त्या लक्षात राहिल्या नाहीत आणि मला कोणी काही विचारलेच नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात, तेव्हा मी पाणी देऊन सवयीने बाहेरच्या खोलीकडे वळलो होतो. ‘तुम्ही कुठे चाललात? बसा, हे तुम्हालाही यायला हवे,’ असे तुम्ही म्हणालात आणि माझ्या दृष्टीने त्या क्षणी सगळे बदलले.

बाळाला खिडकीच्या उजेडात नेऊन तुम्ही त्याच्या कपाळावर आणि मग छातीवर बोट हलकेच दाबून उचललेत, दाबल्या जागी दिसणारा पिवळेपणा दाखवलात आणि लगेच तेच माझ्याकडून करून घेतलेत. कावीळ चेहऱ्याकडून खाली उतरते, आणि तळपाय पिवळे दिसले किंवा बाळ पिण्यासाठी उठेनासे झाले तर क्षणभरही थांबायचे नाही, हे मला त्या स्पर्शासकट आठवते. वजन जन्मापेक्षा कमी भरले तेव्हा माझा चेहरा पडला. पहिल्या काही दिवसांत ७ ते १० टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते आणि साधारण दोन आठवड्यांत ती भरून निघते, हे तुम्ही शांतपणे समजावलेत. मग एक वही माझ्या हाती दिलीत: २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणे, आणि पाचव्या दिवसापासून निदान ६ ओले लंगोट. सहाव्या रात्री तीन वाजता सहाव्या लंगोटाची नोंद करताना मला जो आनंद झाला, तो मी अजून कोणाला नीट सांगू शकलेलो नाही.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने तासाभरात पॅड पूर्ण भिजला तर ताबडतोब फोन करायचा, आणि पत्नीचे रडू दोन आठवड्यांनंतरही ओसरले नाही तर ते थकव्यावर ढकलायचे नाही, हेही तुम्ही मलाच बजावलेत, कारण त्या दिवसांत तिच्याकडे लक्ष ठेवणारा मीच होतो.

दुसऱ्या भेटीत वही मिटून तुम्ही विचारलेत, ‘आणि तुमचे कसे चालले आहे?’ मी ‘ठीक’ म्हणालो आणि पुढे बोलूच शकलो नाही. बाळंतपणानंतर बापालाही नैराश्य येऊ शकते, त्यात लाजण्यासारखे काही नाही, असे सांगून तुम्ही मला शर्ट काढायला लावलात आणि बाळाला माझ्या उघड्या छातीवर ठेवून वरून दुपटे पांघरलेत. ते तसेच झोपी गेले. तुम्ही निघालात, तेव्हा ते जागे होऊ नये म्हणून मी उठलो नाही. त्या दिवशीचा नमस्कार राहिला होता, तो आज करतो.

आपला कृतज्ञ,
बाळाचे बाबा