वेचणीच्या दिवसांत इंग्रजी शिकवणाऱ्या वहिनींना

प्रिय वहिनी,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं, तर "एवढं काय त्यात" म्हणून तुम्ही ते फडताळात ठेवून दिलं असतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते. दिग्रसकडच्या आपल्या गावात किती पोरी तुमच्यामुळे इंग्रजी बोलायला लागल्या, हे लोकांना कळायला हवं.

शाळेत आम्हाला इंग्रजी क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता होता. व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री. पाठ करायचा, परीक्षा झाली की विसरायचा. तुम्ही आधी तो तक्ताच मोडला आणि क्रियापदं आवाजावरून लावली. सिंग-सँग, ड्रिंक-ड्रँक, स्विम-स्वॅम, बिगिन-बिगॅन एकीकडे. कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट, स्वीप-स्वेप्ट दुसरीकडे. सेंड-सेंट, स्पेंड-स्पेंट, लेंड-लेंट यांचा वेगळा गट. कट, पुट, शट, हर्ट यांना हातच लावायचा नाही, तिन्ही रूपं सारखीच. आणि लगेच बजावायच्या, "सिंगचं सँग झालं म्हणून ब्रिंगचं ब्रँग करू नका हं, ते ब्रॉट." मग बाय-बॉट, थिंक-थॉट, टीच-टॉट, कॅच-कॉट ओळीने यायचे.

पण खरं शिकवणं व्हायचं ते संध्याकाळी. वावरातून आल्यावर कापसाचा काटा, म्हणजे वजन, होईपर्यंत आम्ही ओसरीवर बसायचो, आणि तुम्ही म्हणायच्या, "काल काय झालं ते सांगा." रानडुकरांनी तूर खाल्ली होती, त्या दिवशीची वाक्यं मला अजून तोंडपाठ आहेत. वाइल्ड पिग्ज केम. दे ब्रोक द फेन्स. दे एट द तूर. बाबा रॅन. वी स्लेप्ट लेट. नुकसान आमचं खरंच झालं होतं, म्हणून एकही रूप विसरलं नाही. बोंडं वेचताना शेजारच्या ओळीतून तुम्ही नुसतं "सेल?" म्हणायच्या आणि इकडून आम्ही "सोल्ड!" ओरडायचो.

एक पोरगी वैतागून म्हणाली होती, गोचं 'गोड' (goed) का नाही होत, वेन्ट कशाला? तुम्ही तिलाच विचारलंत, "जाणंचं जाला का नाही म्हणत? करणंचं करला, येणंचं येला का नाही?" गेला, केला, आला. हे आम्हाला कोणी पाठ करायला लावलं नव्हतं. त्या संध्याकाळी इंग्रजीची भीती निम्मी गेली.

पुढे अमरावतीला बी. ए. करताना कळलं, तुमचं उदाहरण किती नेमकं होतं. वेन्ट हे मुळात वेंड या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप. आपलं 'जाणं' संस्कृत 'या' धातूचं आणि 'गेला' 'गम्'चं, तसंच ते. 2007 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला होता. जुन्या इंग्रजीतल्या 177 अनियमित, म्हणजे भूतकाळात नुसतं -ed न लागता रूपच बदलणाऱ्या, क्रियापदांपैकी आजच्या इंग्रजीत 98च अनियमित उरली आहेत. हेल्पचंही पूर्वी हॉल्प होतं, आता हेल्प्ड. जी रोज तोंडात असतात ती टिकतात, क्वचित बोलली जातात ती शेवटी -ed लावून सरळ होतात. म्हणजे तुम्ही आम्हाला रोज बोलायला लावलंत, तोच रस्ता बरोबर होता.

'डिड'ची गोष्टही इथे सांगतेच, कारण कॉलेजातली मुलंसुद्धा तिथे अडखळतात. तुम्ही सांगायच्या, "भूतकाळ एकदाच दाखवायचा. डिडने दाखवला की पुढचं क्रियापद पहिल्या रूपात." डिड नॉट गो, डिड नॉट ईट. एवढ्या सोप्या शब्दांत मला हे कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही.

वहिनी, घरचं रांधून, दिवसभर वेचणी करून तुम्ही आमच्यासाठी बसत होता. त्याची मजुरी कोणी दिली नाही, तुम्ही मागितली नाही. मनापासून आभार. आता एक मागणं आहे. तुमच्या वहीतले ते गट ग्रामपंचायतीच्या वाचनालयात भिंतीवर रंगवून घ्यायचे आहेत. रंगाचा खर्च मी करते. दिवाळीला येईन तेव्हा वही तेवढी काढून ठेवा.

तुमची,
शेजारची धाकटी