आईचं यंत्र हरवलेलं नाही

बर्मिंगहॅम,
रविवार

प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

बाबांचा फोन आला तेव्हा मी ड्युटीवर होते, त्यामुळे धड बोलता आलं नाही. "आईचं मशीन सापडून नाही राहिलं," एवढंच ते म्हणाले आणि मागून तुझा आवाज आला, "हृदयात तर नाही ना गेलं ते?" तुझ्या छातीत कातडीखाली बसवलेला, हृदयाचे ठोके नोंदवणारा लूप रेकॉर्डर आता बॅटरी संपल्यावर काढायचा, आणि डॉक्टरांना तो चाचपून सापडला नाही, हे दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही, आणि तुझी झोप उडाली असणार हे मला ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहिते. दादाला हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवायला सांग. यातली बरीच कामं त्यालाच करायची आहेत.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, ते हृदयात गेलेलं नाही. पेसमेकरची तार शिरेतून हृदयात उतरलेली असते. लूप रेकॉर्डरला तारच नसते. तो कातडीखाली, चरबीच्या थरात, बरगड्यांच्या वर झोपलेला असतो. तुझा ४५ मिलिमीटर लांब, ७ रुंद आणि ४ जाड आहे, वजन अडीच ग्रॅम. त्याच्या आणि हृदयाच्या मध्ये स्नायू आहेत, बरगड्या आहेत. तो कुठल्याही रक्तवाहिनीत नाही, त्यामुळे रक्ताबरोबर वाहत कुठं जाण्याचा प्रश्नच येत नाही.

एक गोष्ट मात्र लपवत नाही, कारण तू उद्या दुसऱ्या कुणाकडून ऐकशील आणि घाबरशील. क्वचित, अगदी क्वचित, असं यंत्र दोन बरगड्यांमधून आत, फुप्फुसाच्या आवरणाच्या पोकळीत घसरल्याच्या नोंदी आहेत. बसवताना ते फार खोल किंवा फार उभं गेलं तर असं होऊ शकतं, आणि झालं तर बहुतेक वेळा सुरुवातीच्या काळातच. मग सीटी स्कॅन करून दुर्बिणीनं ते काढतात. तुझं तसं नाही असं मला का वाटतं, तर बॅटरी संपेपर्यंत तुझ्या नोंदी स्वच्छ येत होत्या. यंत्र जागा सोडून गेलं असतं तर त्यातल्या ठोक्यांच्या लहरी बदलल्या असत्या, लहान झाल्या असत्या. शिवाय एवढ्या वर्षांत शरीरानं त्याच्याभोवती पातळ, चिवट पिशवी विणलेली असते. त्या पिशवीत ते घट्ट बसतं.

मग डॉक्टरांच्या बोटांना का लागत नाही? यंत्र बारीक आहे आणि बसवलं तेव्हापेक्षा तुझं वजन वाढलं आहे. बाईच्या छातीवर तर ते हाताला लागणं आणखी अवघड. उभं असताना एका जागी वाटतं, उताणं झोपलं की स्तनाचा भार बाजूला ओघळतो आणि वरची खूण पार दुसरीकडे जाते. कधी ते कुशीवर वळतं, मग सपाट बाजूऐवजी कड वर येते आणि बोटाला काहीच जाणवत नाही. ओपीडीत दोन मिनिटांत चाचपून सापडलं नाही, यात त्या डॉक्टरांचा दोष नाही. उलट "न सापडता काढणार नाही" म्हणून त्यांनी तुला परत पाठवलं, यासाठी मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, दादा, नीट ऐक. यंत्र दिसल्याशिवाय आणि कातडीवर खूण झाल्याशिवाय कुणालाही चिरा घेऊ देऊ नका. मी इथे कॅथ लॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या अशा प्रक्रिया करतात त्या खोलीत, उभी असते, हे काम रोज जवळून पाहते. आधी शोधलं असेल तर सगळं पंधरा-वीस मिनिटांत, एका सेंटिमीटरच्या आसपासच्या चिऱ्यातून आटोपतं. न शोधता सुरुवात केली की चिरा वाढत जातो, मांस उसवलं जातं, रक्त साकळतं आणि टेबलावरच्या जाग्या माणसाला सगळं कळत असतं.

परवा काढलेला एक्स-रे दादानं मला पाठवला. त्यात यंत्र अगदी स्पष्ट आहे, टायटॅनियमची पांढरी काडी, उरोस्थीच्या डावीकडे तिरकी, चौथ्या-पाचव्या बरगडीच्या जवळ. म्हणजे ते आहे, आणि जिथं असायला हवं त्याच भागात आहे. पण या फिल्मवरून चिरा कुठं घ्यायचा हे ठरत नाही, आणि लोक नेमके इथंच फसतात. फिल्म उभ्यानं काढलेली, चिरा झोपवून घ्यायचा. बरगड्या जागच्या जागी राहतात, कातडी मात्र त्यांच्यावरून सरकते, जशी आत कापूस तिथंच असतो आणि उशीची खोळ फिरते. "चौथ्या बरगडीवर आहे" हे खरं असूनही कातडीवर ती जागा चांगली दोन बोटं हललेली असू शकते. शिवाय समोरून काढलेल्या फिल्ममध्ये खोली कळत नाही. वर आहे की आत, हे बघायला बाजूनं काढलेली दुसरी फिल्म लागते.

म्हणून माझं म्हणणं आहे की आधी सोनोग्राफी करा. नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेत कुठंही होईल, मात्र जाताना नुसतं "छातीची सोनोग्राफी" म्हणू नका. वरवरच्या भागासाठीचा सपाट प्रोब (अंगावर फिरवतात तो दांडा) हवा, पोटाचा गोल प्रोब नव्हे. या प्रोबखाली धातू चकचकीत पांढऱ्या रेघेसारखा उठून दिसतो आणि त्याच्याखाली तशाच फिकट रेघांची रांग पडते. एकदा पाहिलेला माणूस ती विसरत नाही. आई, तुला ज्या स्थितीत टेबलावर झोपवणार त्याच स्थितीत झोपायचं, उताणी, डावा हात अंगाशी. मग त्यांनी यंत्राची दोन्ही टोकं न पुसणाऱ्या पेननं कातडीवर आखायची आणि कातडीपासून किती मिलिमीटर खोल आहे तो आकडा लिहून द्यायचा. हे काम शस्त्रक्रियेच्याच दिवशी आणि तिथंच झालं तर सोन्याहून पिवळं, कारण मग उठबस होऊन खूण सरकत नाही.

सोनोग्राफीत नीट दिसलं नाही तर दुसरा रस्ता सी-आर्मचा, म्हणजे टेबलावरच चालता एक्स-रे. कातडीवर एखादी धातूची वस्तू ठेवतात, चिमटा किंवा चिकटपट्टीनं लावलेली पेपर क्लिप, आणि ती बरोबर यंत्राच्या टोकावर येईपर्यंत हलवतात. मग सी-आर्म फिरवून तिरक्या कोनातूनही बघतात. त्या दिवशी मंगळसूत्र घरीच ठेव. त्याच्या वाट्या नेमक्या त्याच जागी येतात आणि फिल्मवर पांढऱ्या दिसतात.

संकोचाचं मला माहीत आहे. पहिल्या वेळी तू कुणाला काही बोलली नाहीस आणि सगळा वेळ पदर घट्ट धरून बसलीस, हे वहिनीनं मला सांगितलं होतं. या वेळी मागून घे. तपासताना बाई सिस्टर हजर हवी, अंगावर चादर हवी, जेवढा भाग बघायचा तेवढाच उघडा. हे मागणं म्हणजे नखरे नव्हेत, तो तुझा हक्क आहे. आणि तू अवघडून आखडलीस तर स्नायू ताणले जातात आणि शोधणं खरोखरच अवघड होतं.

आता काढतात कसं, तेही सांगते, म्हणजे तिथं काही नवीन वाटणार नाही. पूर्ण भूल नसते, फक्त त्या जागेवर इंजेक्शन. ते चुरचुरतं, मग बधिर होतं. खूण या इंजेक्शनच्या आधीच व्हायला हवी, कारण औषधानं ती जागा फुगते आणि जे थोडंफार बोटाला लागत होतं तेही लागेनासं होतं. चिरा बहुधा जुन्या व्रणावर किंवा यंत्राच्या एका टोकावर. त्यानंतर ती पिशवी कापायची असते, आतला धातू उघडा दिसेपर्यंत. घाई करून पिशवीवरूनच चिमटा लावून ओढलं तर यंत्र हलत नाही, नुसतं दुखतं. पिशवी नीट उघडली आणि पलीकडच्या टोकावर बोटानं दाबलं की ते स्वतःहून बाहेर येतं. तुला ओढल्यासारखं, दाबल्यासारखं वाटेल. टोचल्यासारखं दुखलं तर लगेच सांग, आणखी औषध देतात. सोसत पडून राहायचं नाही.

दादा, जाण्याआधी तीन कागद सोबत घे: यंत्राचं कार्ड, आईच्या गोळ्यांची यादी आणि हा एक्स-रे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायची, स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. आणि बॅटरीत थोडाही जीव असेल तर काढण्याआधी त्यातली सगळी नोंद उतरवून घ्यायला सांग. यंत्राचं मोल त्या नोंदीत आहे.

आई, तू म्हणालीस की एवढा खर्च झाला आणि त्यात काही सापडलंच नाही. माझ्या मते फार मोठं सापडलं. बडकस चौकात तू भर मे महिन्यात कोसळलीस तेव्हा ईसीजी चांगला, २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून दिवसभर ठोके टिपणारं यंत्र, तोही चांगला, आणि आम्ही सगळे दिवसरात्र धास्तावलेले. कधीतरी महिन्या-दोन महिन्यांनी येणारी चक्कर २४ तासांच्या पट्टीत सापडणार कशी? त्या होल्टरचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते नॉर्मन होल्टर अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले. त्यांचं सुरुवातीचं यंत्र जवळपास ३८ किलोचं होतं आणि ते पाठीवर बांधून फिरावं लागे. आज अडीच ग्रॅमचं यंत्र तुझ्याजवळ तीन वर्षं जागं राहिलं. स्वयंपाकघरात दुसऱ्यांदा पडलीस तेव्हा त्यानं लिहून ठेवलं की ठोके थांबले नव्हते, वेडेवाकडेही झाले नव्हते. म्हणून तर डॉक्टरांनी हृदयावरून लक्ष काढून तुझं बीपी आधी झोपवून आणि मग उभं करून मोजलं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर तो दोष मानतात. तुझा त्याहून बराच उतरला. गोळी कमी झाली, पाणी वाढलं, आणि त्यानंतर तू पडलेली नाहीस. ते यंत्र नसतं तर कदाचित तुला नको असलेला पेसमेकर बसला असता.

तू विचारलंस, "नाहीच काढलं तर काय होईल?" काही होणार नाही. बंद पडलेलं यंत्र पुष्कळ लोक तसंच ठेवतात, आणि जंतुसंसर्ग नसेल, टोचत नसेल तर ते चालतं. तुला कुशीवर झोपताना खुपतं, म्हणून काढावं असं माझं मत आहे. पण शोधूनही ते अवघड जागी निघालं तर हट्ट धरू नकोस.

ठेवलं तर मात्र घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट माहीत हवी, आणि तू सरळ विचारणारी आहेस म्हणून सरळ लिहिते. यात लिथियमची बॅटरी असते, पेसमेकरमध्येही असते, आणि दहनाच्या आगीत ती फुटते. स्मशानात पेसमेकर फुटल्याची पहिली नोंद १९७६ची, इथून जवळच्या सॉलिहलची. आता इथे दहनाआधी डॉक्टरला लेखी द्यावं लागतं की शरीरात असं काही आहे का, आणि असेल तर आधी काढतात. आपल्याकडे हे कुणी विचारत नाही. अंबाझरी घाटावर चितेजवळ मुलं-नातवंडं उभी असतात, लाकडं सारणारी माणसं उभी असतात. म्हणून बाबा, यंत्राचं कार्ड कपाटात कागदांखाली न ठेवता घरच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवा, आणि ते राहू दिलं तर त्यावर तसं लिहा. कॉलनीत ज्यांना पेसमेकर आहे त्यांच्या घरीही सांगा. हे बोलायला कुणालाच आवडत नाही, तरी बोलायला हवं.

काढून झाल्यावर घरी यायला त्याच दिवशी सोडतील. टाके आतले असतील तर आपोआप विरघळतात. पट्टी ओली होऊ द्यायची नाही. नागपूरच्या उन्हात घामानं ती सुटते, म्हणून काही दिवस कूलरसमोर बस आणि स्वयंपाक वहिनीवर सोड. लाली पसरू लागली, गरम लागलं, पू आला किंवा ताप आला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. डाव्या हातानं बादली उचलायची नाही. हे बाबांना विशेष सांगते, कारण तू ऐकणार नाहीस.

दादा, सोनोग्राफीची वेळ मिळाली की मला कळव. रिपोर्टबरोबर कातडीवरच्या खुणेचा फोटो आणि खोलीचा आकडा पाठव; मी इथल्या डॉक्टरांना दाखवीन. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तयार असतील तर मी त्यांच्याशी फोनवर बोलेन. तुमच्या दुपारी चारनंतर मी केव्हाही उपलब्ध आहे.

बाबांना नमस्कार, वहिनीला आणि पिल्लूला खूप प्रेम.

तुझी,
मीनू