खुले पत्र: ऊर्जामंत्री महोदय, गुरुवारची दुपार आता रिकामी नसते

माननीय ऊर्जामंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात धायरीला राहते, शाळेत शिकवते. कोरोनात आमच्या घरातली वीज कशी बदलली ते तुम्हाला सांगायचंय, कारण त्यातून जे शिकायला हवं होतं ते आमच्या गल्लीत तरी अजून कोणी शिकलेलं दिसत नाही.

25 मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला आणि भोसरी, चाकणची मशीनं थांबली, हिंजवडीची ऑफिसं रिकामी झाली. देशाची विजेची मागणी एप्रिलमध्ये आदल्या वर्षीपेक्षा पाचव्या हिश्श्याहून जास्त घसरली, पण ती घट कारखान्यांची आणि ऑफिसांची होती, घरांची नाही. आमच्या घरी उलटंच झालं, मिस्टरांचं वर्कशॉप बंद, माझे क्लास मोबाईलवर, मुलगी लॅपटॉपवर, वर एप्रिलचं ऊन, म्हणजे जे पंखे आधी सकाळी नऊला बंद व्हायचे ते दिवसभर फिरायला लागले. सकाळची डब्याची घाई गेली आणि लोड दुपारवर सरकला. त्यात मीटर रीडिंग थांबलेलं, बिलं आली हिवाळ्याच्या सरासरीवर, आणि जूनमध्ये खरं रीडिंग झाल्यावर सगळा फरक एकदम अंगावर आला, तेव्हा घरात पगार अर्धा येत होता. उन्हाळ्याचं बिल थंडीवरून काढू नये हे कोणत्याही गृहिणीने सांगितलं असतं.

पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी लाईट जायचा वार, एमआयडीसीची सुट्टीही गुरुवारीच. जुन्या काळी ते बरोबर होतं, दुपारी घरात असायचं कोण? पण आता पुष्कळ लोक घरूनच काम करतात, आणि आजारी माणसंही घरीच असतात.

2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, आमच्या खालच्या मजल्यावरचे काका ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होते. ते मशीन विजेवर चालतं, लाईट गेली की बंद. भर दुपारी ओव्हरलोड होऊन डीपी, म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, उडाला आणि अख्खी बिल्डिंग कोणाचा इन्व्हर्टर चालू आहे ते शोधत पळत होती. एक तास वीस मिनिटं. काका वाचले, पण त्यांच्या सुनेचा तेव्हाचा चेहरा मी विसरू शकत नाही.

साहेब, जमत नाही असं नाहीये. 5 एप्रिल 2020 ला रात्री नऊला नऊ मिनिटं देशभर दिवे बंद झाले, मागणी सुमारे 31,000 मेगावॅटने खाली आली आणि परत वर गेली तरी ग्रिड, म्हणजे देशभरचं विजेचं जाळं, पडला नाही, कारण ते जाळं सांभाळणाऱ्या लोड डिस्पॅच सेंटरच्या लोकांनी आधीच तयारी केली होती आणि जलविद्युत केंद्रं त्या मिनिटांसाठी सज्ज ठेवली होती. मला त्या इंजिनीअर लोकांचा मनापासून अभिमान वाटतो. एवढी तयारी अख्ख्या देशासाठी होऊ शकते तर एका डीपीसाठी का नाही?

2020 आणि 21 च्या उन्हाळ्यातले फीडरवाईज, म्हणजे वस्तीला वीज आणणाऱ्या एकेका लाईनचे, आकडे सगळ्यांना बघता येतील असे ठेवा, कुठल्या वस्तीत दुपारचा लोड वाढला ते त्यात दिसेल. ज्या घरात काकांसारखं ऑक्सिजनचं मशीन आहे त्याची नोंद वॉर्डातल्या लाईनमनकडे असू द्या, म्हणजे लाईट बंद करायच्या आधी तो एक फोन करेल. गुरुवारचं काम सलग पाच तासांऐवजी तुकड्यांत करा. आणि आमच्या गल्लीतला डीपी अजून तोच आहे, मे महिना लागायच्या आधी कोणालातरी भर दुपारी तीनला पाठवून त्याचा लोड मोजून घ्या.

आपली,
धायरीची एक वीजग्राहक