बेस गिटारच्या विक्रीबाबत मित्रास पत्र

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. जुने भाग पुन्हा बसवून बेस ‘ओरिजिनल’ म्हणून विकावा, म्हणजे चार पैसे जास्त मिळतील, हा तुझा सल्ला मला पटलेला नाही, आणि का ते सविस्तर लिहितो.

आपला बेस, म्हणजे गिब्सन कंपनीचा ईबी-0, हा 1959 ते 1979 या काळात निघालेल्या मालिकेतला, 1961 पासूनच्या दोन शिंगांच्या घाटाचा. त्याची स्केल (तारेची वाजणारी लांबी) 30.5 इंच, म्हणजे फेंडर कंपनीच्या 1951 च्या प्रिसिजन बेसपासून रूढ झालेल्या 34 इंचांपेक्षा बरीच आखूड, त्यामुळे पहिल्या फ्रेटांवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) बोटे ताणावी लागत नाहीत. नेकजवळच्या त्या अवाढव्य पिकअपचा (तारांची कंपने पकडणाऱ्या भागाचा) आवाज भरदार खरा, पण मांडवातल्या स्पीकरमधून नुसता घुमायचा, सूर कोणता लागला ते कळत नसे. म्हणून मी डिमार्झिओ कंपनीचा मॉडेल वन पिकअप बसवला. तो जुन्याच खाचेत बसल्याने लाकूड कोरावे लागले नाही.

खुंट्यांचे मात्र तसे नाही. बेसचे डोके, म्हणजे तारा पिळण्याच्या खुंट्यांचा हेडस्टॉक, सारखे खाली झुकते म्हणून हलक्या खुंट्या लावल्या आणि त्यांच्यासाठी हेडस्टॉकच्या मागे स्क्रूची नवी भोके पाडली. ती बुजवून वर रंग दिला, तर जाणकार माणूस टॉर्च तिरका धरून पाहील आणि नेक तुटून चिकटवली असावी अशी शंका घेईल, कारण गिब्सनच्या महॉगनी नेकचे ते नेहमीचेच दुखणे आहे. उघडी भोके दाखवलेली बरी.

मूळ पिकअप, खुंट्या आणि पॉट (आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखालचा भाग) मी डब्यात जपून ठेवले आहेत. सोल्डरने काळवंडलेल्या त्या पॉटवर 137 ने सुरू होणारे सात आकडे आहेत: 137 म्हणजे तो पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, पुढचे दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. बेस त्या आठवड्याच्या आधी बनलेला नाही, एवढे त्यावरून सांगता येते. संग्राहकाच्या लेखी नव्या पिकअपपेक्षा या कळकट पॉटचे मोल अधिक, म्हणून डबा बेसबरोबरच जाईल.

विकण्याचे कारण तुला ठाऊकच आहे. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रांत बेसचे काम आता कीबोर्डवाल्याचा डावा हात करतो. हुबळीच्या एका गृहस्थांशी कन्नडात घासाघीस झाली, पण त्यांना एकही भाग बदललेला नको होता. म्हापशाचा एक वादक मात्र पहिल्यांदा आवाजच विचारतो. माझ्या मते हेच खरे गिऱ्हाईक, मग त्याने किंमत थोडी कमी सांगितली तरी चालेल.

तो चोर्ला घाटाने रविवारी येणार आहे. तू शनिवारीच कोल्हापूरहून ये आणि तुझा अँप्लिफायर घेऊन ये, कारण माझ्याकडच्या छोट्या अँपवर सर्वांत खालच्या सुराची ई तार नीट ऐकू येत नाही. किमतीची बोलणी तूच कर. मी मध्ये बोललो तर पैसे कमी करून बसेन.

तुझा मित्र