चिटणीस ताई, आवक क्रमांकासकट आभार

प्रिय ताई,

दिव्यांग शिक्षकांचं निवेदन म्हटलं की 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' ही शेवटची ओळ ठरलेली. ती तुम्ही, आमच्या शिक्षक संघटनेच्या चिटणीस म्हणून, खोडायला लावलीत, म्हणून हे पत्र. नुसत्या विचाराची फाइल दप्तरी दाखल होते. नेमक्या मागणीला हो की नाही ते लिहून द्यावं लागतं.

तुमची पद्धत आता मुंबईतल्या बऱ्याच शाळांत रुळली आहे. एका अर्जात एकच मागणी. 'जिना चढताना त्रास होतो' एवढ्याने भागत नाही. 'सहावीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणावा आणि लागोपाठचे तास तिथेच द्यावेत' असं लिहायचं. अंध शिक्षकाने 'संगणकाची सोय' न म्हणता पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मागायचा, आणि ऑनलाइन माहिती भरताना चित्रातला कॅप्चा अडवतो म्हणून मदतनीस वेगळ्या अर्जात. कायद्याचा आधार: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 20. सोबत यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची, प्रत. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत आधी बघायची, नाहीतर घोडं तिथेच अडतं. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. शिपायाच्या हाती दिलेला कागद म्हणजे न दिलेलाच.

अनुदानित शाळा 'आम्ही कुठे सरकारी?' म्हणतात, तेव्हा त्याच अधिनियमाच्या कलम 2 मधली 'शासकीय आस्थापने'ची व्याख्या पुढे करायची, हेही तुमचंच. शासनाचं अनुदान घेणारी संस्था त्यात बसते. मग कलम 23 प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी आला, नोंदवही आली, नोंदीपासून दोन आठवड्यांत चौकशी आली. समाधान नाही झालं तर जिल्हास्तरीय समिती. आपल्याकडे जिल्हे दोन, शहर की उपनगर ते शाळेच्या पत्त्यावरून बघायचं.

खासगी शाळेने कामावरूनच काढलं तर कामगार न्यायालयाकडे धावण्यात अर्थ नाही. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात शिक्षक 'कामगार' ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच सांगितलंय. शाळा न्यायाधिकरणात अपील करायचं, 1977 च्या सेवाशर्ती कायद्याचं कलम 9, मुदत 30 दिवस. व्यवस्थापनाशी बोलणी चालू आहेत म्हणून हे दिवस थांबत नाहीत, हे तुम्ही प्रत्येक सभेत बजावता ते बरंच आहे.

आता हक्काने एक मागणं. सभेला सांकेतिक भाषेचे दुभाषी दोन बोलवा. एकट्याला दोन तास झेपत नाही. विसेक मिनिटांनी अदलाबदल लागते, नाहीतर शेवटचे ठराव कर्णबधिर सभासदांपर्यंत अर्धवटच पोचतात.

आपले,
संघटनेचे दिव्यांग शिक्षक सभासद, मुंबई